बंदिस्त लागवडीतील कार्बन डायऑक्साइड: आधी प्रकाश, मग वायू

हिरवा कोपरा (धागाकर्ता)

गेली तीन वर्षे मी एका बंद खोलीत, केवळ एलईडी दिव्यांच्या प्रकाशावर, टोमॅटो आणि ढोबळी मिरची घेत आहे. खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, म्हणजे साडेबावीस घनमीटरांची आहे आणि तिच्यातील प्रत्यक्ष पानांचा विस्तार सुमारे ४ चौरस मीटर आहे. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर उत्पन्न किती वाढते?’ माझ्या अनुभवानुसार या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: पानांवर प्रकाश किती पडतो, आणि खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते? या दोहोंची उत्तरे आकड्यांत मिळाल्याशिवाय सिलिंडर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायूमुळे वाढ का होते, ते आधी पाहू. पानातील रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड पकडते, पण त्याला ऑक्सिजनही चिकटतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग), म्हणजे ऑक्सिजन ५०० पट असल्यामुळे रुबिस्कोकडून वारंवार चूक होते आणि ती निस्तरण्यात वनस्पतीच्या कमाईचा साधारण चौथा हिस्सा खर्ची पडतो. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात आणि तापमान वाढले की ते वाढते. पानाभोवती ८०० ते १००० पीपीएम वायू ठेवला की ऑक्सिजनची ही लुडबुड बरीच कमी होते. टोमॅटो, मिरची, काकडी, लेट्यूस ही सगळी सी-थ्री, म्हणजे वायू थेट रुबिस्कोनेच पकडणाऱ्या, गटातील पिके असल्याने त्यांना याचा लाभ होतो. मका आणि ऊस मात्र सी-फोर गटातील आहेत. त्यांनी पानातच वायू एकवटण्याची सोय केलेली असल्यामुळे त्यांना बाहेरून वायू देऊन फारसे काही हाती लागत नाही. संशोधक किंबॉल यांनी १९८३ मध्ये तोवरच्या ४३० निरीक्षणांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वायूचे प्रमाण दुप्पट केल्यावर उत्पन्नात सरासरी ३३ टक्के वाढ दिसली होती. ही सरासरी आहे, हमी नव्हे.

आता प्रकाश. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेले मर्यादक घटकांचे तत्त्व येथे उपयोगी पडते: जो घटक सर्वांत तोकडा, तोच वेग ठरवतो. पान मंद प्रकाशात असेल तर ते वायूच्या टंचाईने नव्हे, प्रकाशाच्या टंचाईने अडलेले असते. माझ्या खोलीत पहिल्या वर्षी पानांच्या पातळीवर ३०० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रति चौरस मीटर प्रति सेकंद एवढाच प्रकाश होता. टोमॅटोसाठी तो अपुरा होता. आज तो ८०० आहे. त्यासाठी ४ चौरस मीटरांवर सेकंदाला ३२०० मायक्रोमोल पडावे लागतात. एका ज्यूलमागे २.७ मायक्रोमोल देणारे दिवे धरले तर सुमारे १२०० वॉट लागतात आणि त्यातील जवळजवळ सगळी ऊर्जा अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत राहते.

येथेच खरी अडचण उभी राहते. उष्णता बाहेर काढण्यासाठी एक्झॉस्ट पंखा लावला की वायूही बाहेर जातो. माझी खोली ४२० वरून १००० पीपीएमवर नेण्यासाठी अवघे १३ लिटर, म्हणजे साडेतेवीस ग्रॅम वायू पुरतो. हा आकडा पाहून मी पहिल्या वर्षी फसलो. माझा पंखा तासाला ३० वेळा हवा बदलत होता, म्हणजे ताशी ७०० ग्रॅम वायू थेट बाहेर जात होता, आणि १० किलोचा पहिला सिलिंडर एका दिवसात रिकामा झाला. झाडांना त्यातून जे मिळाले ते मोजण्याइतकेही नव्हते.

त्यानंतर मी पंखा काढला, दाराच्या फटी रबराने बुजवल्या, आतलीच हवा फिरवून थंड करणारा एसी बसवला आणि सोबत डीह्युमिडिफायर ठेवला, कारण झाडांनी पानांवाटे सोडलेले पाणी आता कोठेही जात नव्हते. बंद खोलीत मात्र वायू दिल्यावाचून चालतच नाही, हे तेव्हा समजले. चांगल्या प्रकाशात एक चौरस मीटर पाने ताशी ३ ग्रॅमपेक्षा थोडा अधिक वायू शोषतात. चार चौरस मीटरांना सुमारे १३ ग्रॅम लागतात आणि संपूर्ण खोलीच्या साध्या हवेत तो असतो केवळ १७ ग्रॅम. म्हणजे तासाभरातच झाडांची उपासमार सुरू होते. आता माझा रोजचा खर्च ४०० ग्रॅमच्या आसपास आहे आणि तोच १० किलोचा सिलिंडर साधारण २५ दिवस पुरतो.

आपापले अनुभव, विशेषतः माझ्याशी न जुळणारे, अवश्य लिहावेत.

नवी पालवी

लेख अतिशय उपयुक्त आहे, आकड्यांसह लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी मांडणी लहान आहे: १.२ मीटर लांब-रुंद आणि २ मीटर उंच तंबू, त्यात २४० वॉटचा एलईडी दिवा, जो मी पूर्ण क्षमतेने रोज १६ तास चालवते, आणि ताशी २०० घनमीटर हवा ओढणारा पंखा. मी केवळ लेट्यूस घेते. सिलिंडर ठेवण्याची माझी तयारी नाही, म्हणून साखर आणि यीस्ट घातलेली मोठी बाटली तंबूत ठेवली आहे. गेले काही आठवडे आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत आहेत. वायू कमी पडल्यामुळे हे होत असेल का? बाटल्या वाढवाव्यात का?

हिरवा कोपरा (धागाकर्ता)

नवी पालवी, बाटल्या वाढवू नयेत, आहे तीही काढावी. एक किलो साखर पूर्ण आंबली तरी तिच्यातून फार तर अर्धा किलो वायू निघतो. तो दोन आठवड्यांत निघाला असे धरले तर ताशी दीड ग्रॅम होतो. तुमच्या पंख्यातून जाणाऱ्या २०० घनमीटर हवेत तो पसरला की वाढ होते सुमारे ४ पीपीएम. आपण तंबूजवळ उभे राहून बोललो तरी याहून अधिक फरक पडतो.

उलट बाजूने पाहा. तोच पंखा बाहेरची जी हवा आत आणतो, तिच्यातून ताशी सुमारे १५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तुमच्या पानांजवळून जातो आणि दीड चौरस मीटरांहून कमी असलेल्या तुमच्या पिकाला त्यातील ५ ग्रॅमदेखील लागत नाहीत. तुमचा वायुपुरवठा म्हणजे तो पंखाच आहे आणि तो उत्तम चालला आहे.

कडा करपण्याचे कारण मला प्रकाशात दिसते. तुमचा दिवा चांगल्या प्रतीचा असेल तर काही प्रकाश कडेला वाया जाऊनही पानांवर ४०० मायक्रोमोल सहज पडत असतील. सोळा तासांचे ते दिवसाला चौरस मीटरमागे २३ मोल होतात (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). लेट्यूसला १२ ते १७ मोल पुरतात. त्याहून अधिक प्रकाशात पाने इतक्या वेगाने वाढतात की मधल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम वेळेवर पोहोचत नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते, आणि गड्ड्यात मिटलेल्या पानांतून बाष्पोत्सर्जन फारसे होत नसल्याने तेथे प्रवाहच नसतो. दिवा ६० टक्क्यांवर आणावा आणि एक लहान पंखा वरून थेट झाडांच्या मध्यभागी वारा देईल असा लावावा. खतात कॅल्शियम वाढवून सहसा हा प्रश्न सुटत नाही, कारण मुळांपाशी त्याची कमतरता नसतेच.

काचघर

मी बरीच वर्षे काचेच्या हरितगृहात टोमॅटो आणि काकडी घेतो. धाग्यातील बरेचसे मला मान्य आहे, पण ‘आधी प्रकाश, मग वायू’ हे सूत्र इतक्या ठामपणे मांडण्याला माझा आक्षेप आहे.

ब्लॅकमन यांचे तत्त्व शिकवायला सोपे आहे, परंतु झाडाच्या पानात एक घटक संपला की दुसरा सुरू होतो अशी पक्की रेषा नसते. मंद प्रकाशातही प्रकाशश्वसन चालूच असते. वायू वाढवला की ते दबते आणि पकडलेल्या प्रत्येक प्रकाशकणामागे अधिक साखर तयार होते. त्यामुळे ढगाळ दिवसांतही टक्केवारीने पाहिले तर वायूचा लाभ टिकून राहतो. कॉर्नेल विद्यापीठात लेट्यूसवर झालेल्या कामात असे दिसले की साध्या हवेत १७ मोल प्रकाशात जेवढी वाढ होते, तेवढीच वाढ १६०० पीपीएम वायू ठेवल्यास सुमारे ११ मोलांत मिळवता येते. म्हणजे वायू काही अंशी प्रकाशाची जागा घेऊ शकतो. विजेचा खर्च वायूपेक्षा जड असेल तेथे आधी वायू आणि मग प्रकाश हा क्रमही योग्य ठरतो.

दुसरी गोष्ट ज्वलनाची. मोठ्या जागेत वायू सिलिंडरने कोणी देत नाही. नेदरलँड्समध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वापरात नसलेल्या जुन्या तेलवाहिनीतून हरितगृहांपर्यंत नेला जातो. ज्यांना अशी सोय नाही ते प्रोपेन किंवा नैसर्गिक वायू जाळतात. एक किलो प्रोपेन जाळले की ३ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे आकर्षक वाटते, पण सोबत १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात आणि भरपूर उष्णताही त्याच हवेत येते. थंडीतील काचगृहाला ती उष्णता हवीच असते, तर दिव्यांनी आधीच तापलेल्या बंद खोलीला ती नकोशी असते. याहून गंभीर म्हणजे ज्योत नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन तयार होतात. कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या जिवावर उठतो. इथिलीन हे वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक आहे आणि एक पीपीएमच्या अल्पशा अंशानेही टोमॅटोची पाने खाली मुडपतात, कळ्या आणि फुले गळतात. माझ्याकडे एका हंगामात फुलांचे दोन घोस असे गळाले आणि मी आठवडाभर पाणी, खत, रोग यांतच कारण शोधत राहिलो. बर्नरची ज्योत निळ्याऐवजी पिवळट झाली होती, तिकडे माझे लक्षच गेले नव्हते. राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत बर्नर कोणीही लावू नये, असे मी कळकळीने सांगतो.

हिरवा कोपरा (धागाकर्ता)

काचघर, आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखातील माझे विधान त्या अंशी अपुरे होते. मंद प्रकाशात टक्केवारी टिकते, हे खरेच आहे. मात्र माझ्यासारख्या लहान खोलीत ती टक्केवारी कशावर लागू होते तेही पाहावे लागते. दिवसाला १० मोलांवर वाढणारे टोमॅटो मुळातच इतके थोडे फळ देते की त्याच्या तीस टक्क्यांसाठी खोली बंद करणे, एसी आणि डीह्युमिडिफायर चालवणे हा सौदा तोट्याचा ठरतो. लेट्यूससाठी मात्र आपला क्रम बरोबर असू शकतो, कारण तेथे १७ मोलांवर करपण्याची भीती असतेच.

एक पुस्ती मला जोडावीशी वाटते. वायू वाढवल्यावर पहिले काही दिवस वाढ झपाट्याने होते आणि नंतर वेग उतरतो, असा अनुभव मला आला. पानात तयार झालेली साखर वापरायला पुरेशी फळे, शेंडे किंवा मुळे नसतील तर ती पिष्टाच्या रूपात पानातच साचते आणि झाड रुबिस्कोचे प्रमाणच घटवते. लहान कुंडीत कोंडलेल्या मुळांच्या झाडांत हे लवकर होते. मी कुंड्या मोठ्या केल्या आणि घोसातील फळे विरळ करण्याचे प्रमाण कमी केले, तेव्हा फरक जाणवला. आपण फळांचा भार कसा ठेवता?

काचघर

वायू चालू असताना मी घोसावर एक-दोन फळे अधिक ठेवतो आणि दिवसाचे तापमान दोन-तीन अंशांनी वर जाऊ देतो. प्रकाशश्वसन दबलेले असल्यामुळे प्रकाशसंश्लेषणाचे अनुकूल तापमानच वर सरकते. पूर्वीच्या तापमानावर अडून राहिल्यास वायूचा अर्धा लाभ हातातून जातो. येथे एक सावधगिरी मात्र हवी: वायू वाढल्यावर पर्णरंध्रे थोडी मिटतात, पान कमी पाणी सोडते आणि हवेपेक्षा अधिक तापते. तापमापक हवेचा आकडा दाखवतो, पानाचा नव्हे.

मोजमाप

माझे काम वायुमापक उपकरणांच्या दुरुस्तीचे आहे, म्हणून येथे कोणी न मांडलेला मुद्दा मांडतो. आपण सर्व जण ८००, १०००, १६०० असे आकडे लिहीत आहात. हे आकडे ज्या यंत्रावर वाचता, ते खरे सांगते आहे याची खात्री कशी केली?

खरा कार्बन डायऑक्साइड मोजणारी सामान्य उपकरणे अवरक्त प्रकाशावर चालतात. हा वायू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्यावरून प्रमाण कळते. याशिवाय काही स्वस्त उपकरणे हवेतील इतर सेंद्रिय वायू मोजतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. असे उपकरण लागवडीसाठी निरुपयोगी आहे.

पण मोठा धोका चांगल्या उपकरणातच दडलेला असतो. कार्यालये आणि घरे यांच्यासाठी बनवलेल्या अवरक्त सेन्सरांत स्वयंचलित शून्यदुरुस्ती असते. गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, म्हणजेच ४०० पीपीएम, असे ते उपकरण गृहीत धरते. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे गृहीतक बरोबर असते. वायू दिलेल्या बंद खोलीत हवा ४०० पर्यंत कधीच उतरत नाही, कारण दिवे मालवल्यावर झाडे श्वसनातून वायू सोडतच असतात. समजा, सर्वांत कमी नोंद ८०० आहे. सेन्सर तिला ४०० समजतो, नियंत्रक वायू कमी पडला म्हणून झडप उघडतो, खरे प्रमाण वाढते आणि पुढच्या वेळी चूक आणखी मोठी होते. पडद्यावर मात्र तोच आकडा शांतपणे दिसत राहतो. उपकरणात ही सोय बंद करता येत असेल तर बंद करावी आणि महिन्यातून एकदा सेन्सर उघड्यावर नेऊन, स्वतःचा श्वास त्यावर पडणार नाही अशा अंतरावर ठेवून, हाताने जुळवावा. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. जुळवणीच्या वेळी सेन्सरवर वाकून पाहणारा माणूसच चूक पेरतो.

हिरवा कोपरा (धागाकर्ता)

मोजमाप, आपला प्रतिसाद वाचून मी आजच एका परिचितांकडून दुसरे, नुकतेच जुळवलेले उपकरण आणून खोलीत ठेवले. माझ्या नियंत्रकावर ९०० दिसत असताना त्यावर १८५० आकडा आला. गेले दोन महिने खोलीत तासभर काम केल्यावर माझे डोके जड होत असे आणि मी त्याचा दोष दिव्यांच्या उष्णतेला देत होतो. मूळ लेखात दिलेला माझा ४०० ग्रॅमांचा दैनंदिन खर्च सुरुवातीच्या महिन्यातील नोंदींवर आधारलेला होता. अलीकडे सिलिंडर १५ दिवसांतच संपत होता आणि फट पडली असेल असे मी समजत होतो. हे येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझे आकडे पाहून कोणी मांडणी केली असेल तर त्यांनीही तपासणी करावी.

मोजमाप

तपासलेत हे फार चांगले केले. १८५० हा आकडा जिवावर बेतणारा नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी सर्वसाधारणपणे ५००० पीपीएमची मर्यादा मानली जाते आणि ४०,००० पीपीएम हे प्रमाण तात्काळ धोक्याचे समजले जाते. पण तुमच्याच खोलीचे गणित पुढे न्या. १० किलो वायू म्हणजे सामान्य तापमानाला सुमारे साडेपाच घनमीटर. रात्री झडप अडकून तो सगळा तुमच्या साडेबावीस घनमीटरांच्या खोलीत मोकळा झाला, तर सकाळी दार उघडताना आत सुमारे २० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आत गेलेला माणूस मागे फिरण्याइतका वेळही शुद्धीवर राहत नाही. हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो सखल जागी साचतो. १९८६ मध्ये कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून उसळलेला हाच वायू दऱ्यांतून वाहत गेला आणि सुमारे १७०० माणसे मृत्युमुखी पडली. तळघरात लागवड करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

म्हणून नियंत्रकाहून वेगळा, स्वतंत्र विजेवर चालणारा गजर हवा आणि त्याचा पडदा दाराबाहेर हवा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर येथे चालत नाही, तो वेगळा वायू ओळखतो. सिलिंडर खोलीबाहेर, उभा आणि साखळीने बांधलेला ठेवावा. आडवा ठेवल्यास आतला द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. ३१ अंशांच्या वर आतला दाब वेगाने चढतो, म्हणून दिव्यांच्या खोलीत तो ठेवूच नये. आणखी एक: दाबमापकावरून शिल्लक कळत नाही. आत द्रव आहे तोवर २० अंशांना दाब ५७ बारच राहतो आणि द्रव संपल्यावर काटा एकदम कोसळतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा. रोजचे वजन लिहिले असते तर खर्च वाढल्याचे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसले असते.

हिरवा कोपरा (धागाकर्ता)

वजनकाटा आजपासून सिलिंडरखाली आहे. गजर येईपर्यंत वायू बंद ठेवला आहे आणि झाडांची उपासमार होऊ नये म्हणून दिवसातून ठरावीक वेळी दार उघडून बाहेरची हवा आत घेत आहे. रेग्युलेटरनंतर बारीक छिद्राची चकतीही बसवणार आहे, म्हणजे झडप अडकली तरी प्रवाह ताशी ५० ग्रॅमांच्या पुढे जाणार नाही आणि गजर ऐकून दार उघडायला भरपूर अवधी मिळेल.

नवी पालवी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. दिवा ६० टक्क्यांवर आणला, साखरेची बाटली काढली आणि लहान पंखा वरून लावला. जुनी करपलेली पाने तशीच आहेत, पण त्यानंतर आलेल्या एकाही पानाची कड तपकिरी झालेली नाही. गड्ड्याचे वजन पूर्वीपेक्षा थोडे कमी भरते, मात्र आता पूर्ण गड्डा खाता येतो. एक शंका उरते: याच तंबूत पुढे टोमॅटो लावायचे ठरवले, तर दिवा पुन्हा पूर्ण क्षमतेवर न्यावा का, आणि तेव्हा तरी वायू लागेल का?

काचघर

टोमॅटोसाठी दिवा पूर्ण न्यावा. दिवसाला २३ मोल त्याला मानवतात. रोपे लहान असताना मात्र निम्म्यावर ठेवून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. वायू लागणार नाही, पंखा पुरेसा आहे. टोमॅटोची पाने दाट झाली की हवा वरूनच निघून जाते आणि खालच्या पानांजवळ वायू घटतो, म्हणून आत येणारी हवा तळातून येईल आणि पानांमधून वर जाईल अशी मांडणी करावी.